न्योर्द : बंदराचा, वाऱ्याचा आणि भरल्या घराचा देव

इसवी सनाच्या दहाव्या शतकात नॉर्वेच्या किनाऱ्यावरील ह्लादिर येथे, म्हणजे आजच्या ट्रॉन्हाइम शहराच्या हद्दीत, सिगुर्ड नावाच्या सरदाराच्या पुढाकाराने मोठा यज्ञोत्सव होत असे. आसपासचे शेतकरी आपापला शिधा बांधून देवळात जमत, घोडे आणि इतर जनावरे बळी दिली जात, आणि त्यांचे रक्त वाडग्यांत धरून डहाळ्यांच्या कुंचल्यांनी वेदीवर, भिंतींवर व जमलेल्या माणसांवर शिंपडले जाई. देवळाच्या मधोमध जमिनीवर विस्तव पेटलेला असे, त्यावर मांस शिजवण्याचे हंडे टांगलेले असत, आणि मद्याचे चषक त्या विस्तवावरून हातोहात फिरवले जात. पहिला चषक देवांचा प्रमुख ओडिन याच्या नावाचा. तो राजाच्या विजयासाठी आणि सत्तेसाठी. त्यानंतरचे चषक न्योर्द आणि फ्रेयर या पितापुत्रांच्या नावाचे. ते भरघोस सुगीसाठी आणि शांततेसाठी.

हा तपशील आइसलँडचा इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसोन (११७९–१२४१) याने नॉर्वेच्या राजांच्या बखरीत नोंदवून ठेवला आहे. आइसलँडने सुमारे इसवी सन १००० मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, त्यामुळे स्नोरी स्वतः ख्रिस्ती होता आणि ज्या यज्ञाचे तो वर्णन करतो तो त्याच्या जन्माच्या दोनशेहून अधिक वर्षे आधीचा होता. त्याचा प्रत्येक शब्द प्रत्यक्षदर्शी साक्ष म्हणून घेता येत नाही. तरीही न्योर्द आणि फ्रेयर यांची नावे जोडीने घेऊन त्यांच्याकडे सुबत्ता मागण्याची चाल त्याच्या लेखनाहून पुष्कळ जुनी आहे, आणि तिचे पुरावे आपण पुढे पाहणार आहोत. इथे प्रश्न असा पडतो की, ज्या न्योर्दची ओळख सर्वत्र ‘नॉर्स पुराणकथांमधील समुद्रदेव’ अशी करून दिली जाते, त्याच्याकडे शेतकऱ्यांनी सुगी का मागावी? समुद्र आणि सुपीकता ही दोन खाती एकाच देवाकडे कशी आली?

उत्तराकडे जाण्याआधी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. नॉर्स लोकांच्या, म्हणजे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि आइसलँड या भागांतील ख्रिस्तपूर्व धर्म पाळणाऱ्या लोकांच्या कथांमध्ये देवांची दोन कुळे येतात. ओडिन, थॉर, टीर हे एसिर कुळातील. न्योर्द आणि त्याची मुले फ्रेयर व फ्रेया ही वानिर कुळातील. एसिरांचा संबंध प्रामुख्याने सत्ता, युद्ध आणि कायदा यांच्याशी, तर वानिरांचा संबंध पीकपाणी, संपत्ती, प्रजनन आणि शांततेशी लावला जातो. ही विभागणी अगदी काटेकोर नाही, कारण पावसापाण्यासाठी शेतकरी थॉरलाही हाक मारत. पण न्योर्द समजून घेण्यासाठी ती उपयोगी पडते. सुमारे १२२० मध्ये स्नोरीने लिहिलेल्या ‘एड्डा’ या ग्रंथात न्योर्दचे कार्य मोजक्या शब्दांत सांगितले आहे. तो नोआतून येथे, म्हणजे जहाजांच्या आवारात राहतो. वाऱ्याची वाट त्याच्या हातात आहे. तो समुद्र शांत करतो आणि आगही शमवतो. जलप्रवासासाठी आणि मासेमारीसाठी त्याला आळवावे. आणि तो इतका श्रीमंत आहे की, त्याला हाक मारणाऱ्याला तो जमीनही देऊ शकतो आणि जंगम मालमत्ताही.

या यादीत काय आहे यापेक्षा काय नाही ते अधिक बोलके आहे. तुफान, खोल पाणी, बुडणारी गलबते, समुद्राचा कोप यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. कारण नॉर्स कल्पनेत ते सारे दुसऱ्यांकडे आहे. प्रत्यक्ष समुद्र म्हणजे एगिर. तो देवांना मद्य गाळून देणारा, त्यांना मेजवान्या देणारा, पण मुळात देवकुळाबाहेरचा. त्याची बायको रान हिच्याजवळ जाळे असते आणि बुडणाऱ्या माणसांना ती त्यात ओढून घेते. त्यांच्या नऊ मुली म्हणजे लाटा. न्योर्दचा अधिकार या कुटुंबाच्या घरावर चालत नाही. त्याचा समुद्र माणसाच्या वापरातला आहे: जिथून होडी निघते तो धक्का, शिडात भरणारा अनुकूल वारा, जाळ्यात आलेली मासळी आणि मालासह सुखरूप परतलेले जहाज. म्हणून त्याला समुद्राचा देव म्हणण्यापेक्षा बंदराचा देव म्हणणे मला अधिक योग्य वाटते. आपल्याकडील वाचकाला इथे वरुणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण ऋत सांभाळणारा, पाप्याला पाशात बांधणारा वरुण आणि न्योर्द यांच्यात पाण्याव्यतिरिक्त फारसे साम्य नाही, आणि ती तुलना सुरुवातीलाच बाजूला ठेवलेली बरी.

एगिर आणि न्योर्द यांच्यातला हा फरक केवळ पुस्तकी नाही, हे एकाच आइसलँडी घराण्याच्या कहाणीवरून दिसते. दहाव्या शतकातील कवी आणि लढवय्या एगिल स्कालाग्रिम्सोन याचा बोद्वार हा मुलगा आइसलँडच्या बोर्गारफ्योर्द या खाडीत लाकूड वाहून आणताना वादळात सापडून बुडाला. एगिलने अन्नपाणी सोडून स्वतःला खोलीत कोंडून घेतले. त्याच्या मुलीने युक्तीने त्याला जगायला भाग पाडले आणि मुलासाठी विलापकाव्य रचायला लावले. त्या काव्यात एगिल आपला संताप रानवर आणि मद्य गाळणाऱ्या एगिरवर काढतो; तलवारीने सूड उगवता आला असता तर त्या समुद्राला मी सोडले नसते, असे म्हणतो. न्योर्दचे नाव तो त्या संदर्भात घेत नाही. याच एगिलने आपला जिवलग मित्र आरिनब्योर्न याच्या स्तुतीसाठी जे काव्य रचले, त्यात मात्र तो सांगतो की, या माणसाला फ्रेयर आणि न्योर्द यांनी संपत्तीचे बळ दिले आहे. आणि नॉर्वेचा राजा एरिक याने त्याच्या वारशाचा हक्क डावलला तेव्हा रचलेल्या शापवाणीत तो फ्रेयर आणि न्योर्द यांनाच सांगतो की, प्रजेला छळणाऱ्या या राजाला देशोधडीला लावा. मुलगा गेला तेव्हा बोल एगिर आणि रान यांना, मित्राच्या वैभवाचे श्रेय न्योर्दला, आणि अन्यायी राजाला जमिनीवरून हुसकण्याचे गाऱ्हाणेही न्योर्दच्याच दारी. एका माणसाच्या तोंडून देवांच्या कामाची इतकी स्पष्ट वाटणी क्वचितच ऐकायला मिळते.

एगिलचे वडील स्कालाग्रिम यांच्या संसाराचे जे वर्णन एगिलच्या सागेत, म्हणजे जुन्या आइसलँडी गद्यकथेत येते, त्यातून समुद्र आणि सुपीकता यांच्या जोडीचे कोडे बरेचसे उलगडते. नॉर्वे सोडून आइसलँडला आल्यावर स्कालाग्रिमने बोर्ग येथे आपले मुख्य घर बांधले. तेवढ्यावर न थांबता त्याने एका भूशिरावर दुसरे घर वसवले, आणि तिथून माणसे मासेमारी, सीलची शिकार, पक्ष्यांची अंडी गोळा करणे आणि वाहून आलेले ओंडके जमा करणे ही कामे करीत. किनाऱ्याला लागलेले देवमासे मिळत. आणखी एका ठिकाणी त्याने धान्य पेरायला लावले. जनावरे वाढली तेव्हा ती उन्हाळ्यात डोंगरावर चरायला जाऊ लागली, आणि तिथली जनावरे अधिक पुष्ट होतात असे दिसल्यावर डोंगराच्या पायथ्याशीही एक वस्ती झाली. नद्यांतील साल्मन मासा धरण्यासाठी वेगळा माणूस नेमला. सागाकार म्हणतो की, स्कालाग्रिमची संपत्ती अनेक पायांवर उभी होती.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरही जगण्याची घडी अशीच होती. डोंगर थेट खाडीत उतरलेले, मध्ये लागवडीची चिंचोळी पट्टी, घरामागे चराई, घरासमोर होडीची पडवी. जो माणूस वसंतात सातू पेरायचा, तोच हिवाळ्यात कॉड पकडायला जायचा. सुकवलेला मासा दूरच्या बाजारात विकून गहू आणि मध घरी आणला जायचा. कोळी वेगळा, शेतकरी वेगळा आणि व्यापारी वेगळा अशी समाजरचना तिथे नव्हतीच. मग देवांची वाटणी तरी तशी का असावी? घरात धान्य, गोठ्यात जनावर, पडवीत मासळी आणि हातात चांदी ही सगळी एकाच भरभराटीची रूपे, आणि त्या भरभराटीचा दाता न्योर्द. जुन्या आइसलँडी गद्यात एखाद्याच्या श्रीमंतीचे वर्णन करताना ‘न्योर्दसारखा श्रीमंत’ असा वाक्प्रचार येतो, तो याच भावनेतून. शांतताही या देण्यातच मोडते, कारण भांडणतंट्यात ना पेरणी होते ना जहाज बंदराबाहेर पडते.

आता न्योर्दच्या चरित्राकडे वळू. त्यातील पहिली मोठी घटना म्हणजे एसिर आणि वानिर यांच्यातले युद्ध. कोणत्याही बाजूला निर्णायक विजय मिळेना, तेव्हा दोघांनी तह केला आणि तह टिकावा म्हणून ओलिसांची अदलाबदल ठरली. वानिरांनी आपल्यातले सर्वोत्तम दिले: न्योर्द आणि त्याचा मुलगा फ्रेयर. एसिरांनी होनिर नावाचा देखणा, उंचापुरा देव दिला आणि त्याच्यासोबत शहाणा मीमिर. वानिरांनी होनिरला तत्काळ प्रमुख केले. पण मीमिर जवळ नसला की होनिर कोणताही निर्णय दुसऱ्यांवर ढकलून मोकळा होई. आपली फसवणूक झाली हे कळल्यावर वानिरांनी मीमिरचे डोके कापून एसिरांकडे पाठवले. ओडिनने ते औषधी वनस्पतींनी जतन केले आणि त्याचा सल्ला तो पुढेही घेत राहिला. या साऱ्या व्यवहारात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आपला ओलीस मारला गेल्यावरही एसिरांनी न्योर्दच्या केसालाही धक्का लावला नाही. उलट ओडिनने त्याला आणि फ्रेयरला यज्ञाचे अधिकारी नेमले. आजच्या बातम्यांमुळे ओलीस म्हटले की अपहरण डोळ्यांसमोर येते. त्या काळी मात्र ओलीस हा तहाची जिवंत हमी असे, त्याला मानाने वागवले जाई आणि अनेकदा तो त्याच घराचा होऊन जाई. न्योर्द तसा झाला.

आइसलँडच्या सर्वांत जुन्या कायद्याशी जोडलेली जी शपथ वसाहतीच्या इतिहासात उतरली आहे, तिच्यात त्याचा हा मान दिसतो. प्रत्येक मोठ्या देवळात वेदीवर एक कडे असे. सभेच्या वेळी पुरोहित-सरदार ते हातात घाली, आधी बळी दिलेल्या जनावराच्या रक्तात ते माखलेले असे, आणि ज्याला खटला चालवायचा, साक्ष द्यायची किंवा निवाडा करायचा असेल तो त्या कड्यावर शपथ घेताना फ्रेयर, न्योर्द आणि सर्वशक्तिमान एसिर-देव यांना साक्षीला बोलावी. तो तिसरा देव ओडिन की थॉर यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण पहिल्या दोघांची नावे स्पष्ट आहेत, आणि तेही एसिरांच्या आधी. तहाने आलेला देव कराराचा साक्षीदार व्हावा हे मला फार सुसंगत वाटते.

परकेपणाचा डाग मात्र पूर्णपणे पुसला गेला नाही. एगिरच्या घरच्या मेजवानीत देवांमध्येच वावरणारा कुरापतखोर लोकी एकेका देवाला टोचून बोलतो, असे एक काव्य आहे. त्यात न्योर्दची पाळी आली की लोकी त्याला तू ओलीस म्हणून इथे धाडलेला आहेस याची आठवण करून देतो, आणि हिमिर या राक्षसाच्या मुलींनी त्याच्या तोंडात मूत्र केल्याचा अत्यंत अर्वाच्य आरोप करतो. काही अभ्यासकांना यात राक्षसमुली म्हणजे नद्या आणि न्योर्द म्हणजे त्या पोटात घेणारा समुद्र असे रूपक दिसते. ते पटण्यासारखे असले तरी त्याला दुसरा आधार नाही. न्योर्द शांतपणे उत्तर देतो की, मी दूरवरून ओलीस म्हणून आलो खरा, पण ज्याचा कोणीही द्वेष करीत नाही असा मुलगा मला झाला, हे माझे समाधान आहे. त्यावर लोकी म्हणतो की, तो मुलगा तू स्वतःच्या बहिणीपासून जन्माला घातलास. ही गोष्ट स्नोरीही नोंदवतो: वानिरांमध्ये भावाबहिणीचे लग्न त्यांच्या रीतीला धरून होते, न्योर्दने बहिणीशी लग्न केले होते आणि फ्रेयर व फ्रेया ही त्या दोघांची मुले, एसिरांमध्ये मात्र इतक्या जवळच्या नात्यात लग्नाला बंदी होती. त्या बहिणीचे नाव कुठेच सांगितलेले नाही. हे निनावीपण लक्षात ठेवावे, कारण त्याचा धागा पुढे लागतो.

न्योर्दची सर्वांत प्रसिद्ध कथा त्याच्या दुसऱ्या लग्नाची आहे. देवांनी थ्यात्सी या राक्षसाला ठार मारले, तेव्हा त्याची मुलगी स्कादी शिरस्त्राण आणि चिलखत चढवून, सर्व शस्त्रे घेऊन, बापाचा सूड घेण्यासाठी एकटी देवांच्या आस्गार्द नगरीवर चालून आली. देवांनी तिच्याशी लढण्याऐवजी भरपाईची बोलणी केली. अटी अशा ठरल्या की, तिने देवांमधून नवरा निवडावा, मात्र निवड फक्त पाय पाहून करावी, आणि देवांनी तिला हसवून दाखवावे. स्कादीला त्या रांगेत दोन अतिशय सुंदर पाय दिसले. बाल्डर हा देवांमधला सर्वांत देखणा, तेव्हा हे पाय त्याचेच असणार असे समजून तिने ते निवडले. आणि ते निघाले नोआतूनच्या न्योर्दचे. तिला हसवण्याचे काम लोकीने केले, एका बोकडाच्या दाढीला दोरी बांधून तिचे दुसरे टोक स्वतःच्या गुप्तांगाला बांधले आणि दोघांची रस्सीखेच लावून. शेवटी ओडिनने थ्यात्सीचे डोळे आकाशात फेकून त्यांचे दोन तारे केले.

न्योर्दचेच पाय इतके सुंदर का, याचे कारण मूळ कथा देत नाही. समुद्राच्या पाण्याने सतत धुतले जाऊन ते स्वच्छ राहिले, असे स्पष्टीकरण आज सर्रास वाचायला मिळते, पण ते नंतरचे आहे. दुसरे एक मत अधिक विचार करण्याजोगे आहे: स्कँडिनेव्हियात कांस्ययुगापासूनच्या खडकांवर कोरलेली उघडी पावले मोठ्या संख्येने सापडतात, त्यामुळे पाऊल हे सुपीकतेच्या देवाचे जुने चिन्ह असावे. तसे सिद्ध झालेले नाही, तरीही बाल्डरच्या सौंदर्याला मागे टाकणारे पाय एका प्रौढ, मुलाबाळांच्या देवाला मिळाले आहेत, यामागे काही जुनी समजूत असेल असे मानायला जागा आहे.

लग्न झाले, पण राहायचे कुठे यावर ते अडले. स्कादीला बापाच्या थ्रिमहाइम या डोंगरातल्या घरी राहायचे होते, न्योर्दला समुद्राजवळ. तोडगा निघाला की, नऊ रात्री डोंगरात काढाव्यात आणि पुढच्या रात्री नोआतूनला. त्या तीन की नऊ, याबाबत हस्तलिखितांत फरक आहे. डोंगरातून परतल्यावर न्योर्द म्हणतो की, मला तिथला कंटाळा आला, नऊच रात्री काढल्या, पण हंसांच्या गाण्यापुढे लांडग्यांचे ओरडणे कानाला फार वाईट लागले. स्कादीचे उत्तर असे की, समुद्रकाठी पाखरांच्या कलकलाटात मला डोळा लागला नाही, रोज पहाटे समुद्रावरून येणारा तो कुरव पक्षी मला जागे करतो. मग ती डोंगरात परत गेली, स्कीवरून हिंडत, धनुष्यबाणाने शिकार करीत राहिली. भांडण नाही, शाप नाही, कोणी कोणाला दोष देत नाही. दोन जागा एकमेकींना मानवत नाहीत एवढेच कथा सांगते, आणि तेही दोन आवाजांच्या आधारे, म्हणूनच ती आजही ताजी वाटते. अनेक अभ्यासक यात ऋतुचक्र वाचतात, स्कादी म्हणजे हिवाळा आणि न्योर्द म्हणजे जहाजे सुटण्याचा काळ. त्यात तथ्य असेल, पण कथेचे सारे बळ त्या चौकटीत मावत नाही. बाराव्या-तेराव्या शतकाच्या संधिकाळात डेन्मार्कच्या साक्सो ग्रामाटिकस याने लॅटिनमध्ये लिहिलेल्या इतिहासात हादिंगुस नावाचा राजा आणि त्याची राणी यांच्या तोंडी डोंगर आणि समुद्र यांच्याबद्दल जवळजवळ हाच संवाद आहे, आणि तिथेही राणीने नवरा पाय चाचपून निवडलेला आहे. यावरून ही कथा स्नोरीची स्वतःची निर्मिती नव्हती, हे कळते.

आता सर्वांत जुन्या आणि सर्वांत अवघड पुराव्याकडे. इसवी सन ९८ मध्ये, म्हणजे स्नोरीच्या अकराशे वर्षे आधी, रोमन इतिहासकार टॅसिटस याने जर्मानिक टोळ्यांविषयी लिहिलेल्या छोट्या ग्रंथाच्या चाळिसाव्या प्रकरणात सात टोळ्यांच्या समान दैवताचे वर्णन केले आहे. हे दैवत म्हणजे नेर्थुस, पृथ्वीमाता. सागरातील एका बेटावर तिची पवित्र राई असते आणि तिथे कापडाने झाकलेला एक गाडा ठेवलेला असतो. त्याला स्पर्श करण्याचा अधिकार एकट्या पुजाऱ्याला. देवी आत आली आहे असे जाणवले की गाईंनी ओढलेला तो गाडा गावोगाव फिरतो. ती जिथे जाईल तिथे आनंदाचे दिवस असतात; कोणी युद्धाला निघत नाही, कोणी शस्त्र हाती घेत नाही, लोखंडाची प्रत्येक वस्तू बंद करून ठेवलेली असते. माणसांच्या सहवासाने देवी तृप्त झाली की तिला परत आणतात, आणि मग गाडा, कापड व स्वतः देवी यांना एका निर्जन तळ्यात स्नान घालतात. हे काम करणाऱ्या गुलामांना ते तळे लगेच गिळून टाकते.

नेर्थुस हे नाव पहिल्या शतकात जसे उच्चारले गेले असते, त्याचेच हजार वर्षांनंतरचे आइसलँडी रूप भाषाशास्त्राच्या नियमांनुसार न्योर्द असे होते. याबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही. वाद आहे तो एक देवी आणि दुसरा देव कसा, यावर. एक मत असे की, मुळात ही भावाबहिणीची एकाच नावाची जोडी होती, फ्रेयर आणि फ्रेया यांच्यासारखी. टॅसिटसपर्यंत बहीण पोहोचली, स्नोरीपर्यंत भाऊ पोहोचला, आणि बहीण ती कथेतली निनावी पत्नी बनून राहिली. मला हे मत सर्वांत पटते, कारण ते त्या रिकाम्या जागेचाही हिशोब लावते. दुसऱ्या मतानुसार काळाच्या ओघात देवतेचे लिंगच बदलले.

नावापलीकडेही साम्ये आहेत. गाड्यातून फिरणारे सुगीचे दैवत नंतरच्या काळातही दिसते: चौदाव्या शतकातील एका हस्तलिखितात स्वीडनमधील फ्रेयरची मूर्ती पुजारिणीसह गाड्यातून गावोगाव फिरवली जाई आणि त्यामुळे पीक चांगले येते असे लोक मानत, अशी कथा आहे. खुद्द न्योर्दलाही स्नोरीच्या एड्डाच्या काही प्रतींमध्ये ‘गाड्यांचा देव’ असे विशेषण लावलेले आढळते. डेन्मार्कच्या जटलँड भागात देयब्यर्ग येथील दलदलीत १८८० च्या दशकात दोन सुंदर नक्षीदार गाडे सुटे करून ठेवलेल्या अवस्थेत सापडले, ते टॅसिटसच्या काही पिढ्या आधीचे आहेत. ते नेर्थुसचेच होते असे म्हणता येत नाही. पण पाणथळ जागी अर्पण केलेला मौल्यवान गाडा ही रीत त्या प्रदेशात खरी होती, इतके त्यावरून सिद्ध होते. आणि पृथ्वीमातेचे देऊळ समुद्रातल्या बेटावर, तिचे स्नान तळ्यात, तिच्या भेटीत शस्त्रबंदी, हे पाहिले की जमीन, पाणी आणि शांतता यांची गाठ किती जुनी होती ते उमगते.

या देवांचा भारतीय कथांशी संबंध जोडण्याचा एक गंभीर प्रयत्न फ्रेंच अभ्यासक जॉर्ज द्युमेझिल (१८९८–१९८६) याने केला. त्याच्या मते इंडो-युरोपीय समाजांच्या देवमंडळात तीन स्तर असतात: सार्वभौमत्वाचा, युद्धाचा आणि समृद्धीचा. तिसऱ्या स्तराचे देव आधी बाहेरचे मानले जातात आणि संघर्षानंतर आत घेतले जातात. वानिरांसमोर त्याने ठेवले ते अश्विनीकुमार. महाभारताच्या वनपर्वात च्यवन ऋषी अश्विनीकुमारांना सोमपानाचा अधिकार देऊ पाहतात, इंद्र त्याला विरोध करून वज्र उगारतो, च्यवन त्याचा हात जागच्या जागी रोखून मद नावाचा अक्राळविक्राळ असुर निर्माण करतात, आणि इंद्र शरण आल्यावर मदाचे तुकडे मद्य, स्त्रिया, द्यूत आणि मृगया यांत वाटले जातात. नॉर्स कथेत एसिर-वानिर तहाच्या वेळी सर्वांनी एका भांड्यात थुंकून त्यातून क्वासिर हा महाज्ञानी निर्माण केला, आणि त्याचा खून झाल्यावर त्याच्या रक्तापासून काव्यस्फूर्तीचे मद्य तयार झाले. दोन्हीकडे समृद्धीचे देव आत येण्याच्या क्षणी उन्मादाचे एक रूप जन्मते आणि नंतर त्याचे विघटन होते. ही तुलना विचारप्रवर्तक आहे, परंतु तिला आव्हानेही मिळाली आहेत. ऑस्ट्रियन अभ्यासक रुडॉल्फ सिमेक याने तर २०१० मध्ये वानिर हे स्वतंत्र देवकुळ होते का, यावरच प्रश्नचिन्ह उभे केले. न्योर्दला अश्विनीकुमारांचा भाऊबंद ठरवण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

न्योर्दचा अंत दोन प्रकारे सांगितला आहे. स्नोरीच्या राजांच्या बखरीत देव हे पूर्वीचे राजे म्हणून येतात. तिथे न्योर्द ओडिननंतर स्वीडनवर राज्य करतो, त्याच्या काळात इतकी शांतता आणि सुगी असते की लोक ती त्याच्याच हातची मानतात, आणि तो आजारपणाने मरतो तेव्हा स्वीडिश लोक त्याचे दहन करून त्याच्या समाधीवर खूप रडतात. त्याहून जुने म्हणता येईल असे एक प्रश्नोत्तरी काव्य वेगळेच सांगते. त्यात ओडिन एका ज्ञानी राक्षसाला विचारतो की, शेकडो देवळे आणि वेद्या ज्याच्या ताब्यात आहेत तो न्योर्द एसिरांमध्ये आला कुठून? उत्तर मिळते की, ज्ञानी शक्तींनी त्याला वानिरांच्या देशात घडवले, ओलीस म्हणून दिले, आणि युगाच्या अंती तो पुन्हा शहाण्या वानिरांकडे घरी जाईल. अंतिम युद्धात ओडिनला लांडगा गिळतो, थॉर सर्पाच्या विषाने पडतो, फ्रेयर अग्निराक्षसाशी लढताना मरतो. न्योर्दच्या वाट्याला रणांगण नाही. ज्या देवराज्याशी तह झाला ते संपले की तहाची मुदतही संपते, आणि ओलीस मोकळा होतो.

शेकडो देवळे हा आकडा काव्यातला असला तरी पूजा खरी होती, याची साक्ष स्थळनावे देतात. पश्चिम नॉर्वेच्या किनाऱ्यावर न्योर्दच्या नावाची बेटे आणि खाड्या आहेत. ट्युस्नेस बेटाचे जुने नाव न्योर्दच्याच नावावरून होते. स्वीडनमध्ये मात्र त्याची नावे पूर्वेकडच्या शेतीच्या मुलखात, पुष्कळदा समुद्रापासून आत आढळतात. लिन्शोपिंग शहरातील म्यार्देवी हा भाग आज तंत्रज्ञान कंपन्यांसाठी ओळखला जातो. त्या नावाचा मूळ अर्थ न्योर्दचे पवित्र स्थान असा आहे. जिथे खाडी होती तिथे लोकांनी त्याला खाडीकाठी स्थापले, जिथे शेत होते तिथे शेताजवळ.

नॉर्वेतील ओड्डा परिसरात नोंदवलेली एक आठवणही सांगितली पाहिजे. १७४६ मध्ये जन्मलेली तिथली एक म्हातारी एका रात्री मशाल लावून तळ्यावर मासे धरायला गेली होती. थोड्याच वेळात आठवडाभर पुरेल इतके मासे मिळाले, तेव्हा काठीला गळाची दोरी गुंडाळता गुंडाळता तिने न्योरचे आभार मानले, या खेपेपुरते. तोवर नॉर्वे ख्रिस्ती होऊन सात शतकांहून अधिक काळ लोटला होता, आणि मुद्रित पुस्तकांतून जुनी नावे पुन्हा लोकांच्या तोंडी आली असण्याची शक्यता काही संशोधक मांडतात. ती शक्यता गृहीत धरली तरी त्या म्हातारीने देवाला योग्य कामासाठी हाक मारली होती.